सूर तेच, मग वादक वेगळा कसा?

"सगळं कागदावर लिहून ठेवलेलंच असतं ना? मग हा वाजवतो काय आणि तो वाजवतो काय, फरक कसला?" पुण्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो. विचारणारा बहुधा सवाईची वारी न चुकवणारा असतो. मारवा, पूरिया आणि सोहनी एकाच सुरांचे असून वेगळे का, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणजे प्रश्नामागे अज्ञान नसतं, खोच असते. आपल्याकडे बंदिश दोन-चार ओळींची. किराणा घराण्याचा गायक ती घेऊन एकेका सुरावर ठाण मांडतो, जयपूरवाला तीच बंदिश लयीला घट्ट धरून पेचदार करतो, आणि दोघांचं चाळीस-चाळीस मिनिटांचं गाणं त्यांनी स्वतः उभं केलेलं असतं. पियानोवादकाला ही मुभा नाही. आलाप नाही, तान नाही, एक सूर इकडचा तिकडे करायचा नाही. तरीही एकेका रचनेची ढीगभर ध्वनिमुद्रणं निघतात आणि कुणाचं सरस यावर लोक तावातावानं भांडतात.

याचं उत्तर तोंडी देण्यात अर्थ नाही, ऐकवावं लागतं. त्यासाठी मी जर्मन रचनाकार शुमानची 'ट्रॉयमेराय' (म्हणजे स्वप्नरंजन) ही छोटी पियानोरचना निवडतो. अडीच-तीन मिनिटांत संपते, वाजवायला वरकरणी सोपी आहे, पियानो शिकणारी शाळकरी मुलंही ती बसवतात. वेगवान बोटांची कमाल दाखवायला तिच्यात जागाच नाही. त्यामुळे वादकाकडे सांगण्यासारखं काही आहे की नाही, हे लपत नाही.

रॉबर्ट शुमाननं ही १८३८ साली लिहिली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. क्लारा वीक या तरुण पियानोवादिकेशी त्याला लग्न करायचं होतं आणि तिच्या वडिलांचा कडवा विरोध होता. तिनं कधीतरी लिहिलं होतं की तू मला अधूनमधून लहान मुलासारखा वाटतोस. त्यावर या पठ्ठ्यानं तीसेक छोट्या रचना लिहून काढल्या, त्यांतल्या काही निवडल्या आणि तिला तसं पत्रानं कळवलं. पुढे 'किंडरत्सेनेन' (म्हणजे बालपणीची दृश्यं) या नावानं तेरा रचनांचा संच छापला गेला. बालपणाविषयीचा, पण मोठ्या माणसानं मागे वळून पाहिलेला. ट्रॉयमेराय त्यातली सातवी, म्हणजे बरोबर मधली.

आता घरात पेटी असेल तर ती पुढे ओढा. रचना पांढरी चारमध्ये आहे. पांढरी चारला सा धरा आणि वाजवा: मंद्र प, मग सा. या सा वर थांबा. मग नि सा ग प, आणि तार सा. मंद्र प पासून तार सा पर्यंतची ही चढण म्हणजेच या रचनेचं बीज. तिथून सूर वळणं घेत खाली येतात, आणि पुन्हा तोच मंद्र प, तोच सा, तीच चढण. फक्त या खेपेला टोकाला तार सा नाही, एकदम उडी घेऊन तार ग. चार मात्रांचा एक बार धरला तर अख्खी रचना चोवीस बारांची आहे, आणि दर चार बारांनी ही चढण थोड्या बदलानं परत येते. मधल्या भागात ती दुसऱ्याच सुरांकडे सरकते. पहिले आठ बार दोनदा वाजतात, म्हणून एकूण आठ वेळा आपण ती चढण चढतो.

पेटीवर वाजवताना एक गोष्ट जाणवली असेल. तो पहिला सा भाता हलतोय तोवर भरलेला राहतो. पियानोवर तसं नाही. पट्टी दाबली की हातोडी उसळते, तारेला आदळण्याच्या किंचित आधी ती पट्टीपासून सुटी होते आणि तिथून पुढे वादकाच्या हातात काही उरत नाही. सूर जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. मींड नाही, सूर फुलवणं नाही, आंदोलन नाही. भावगीत गाणारा सामान्य गायकसुद्धा एका सुरावर जे करतो, ते जगातल्या सर्वश्रेष्ठ पियानोवादकाला करता येत नाही.

मग त्याच्या हातात असतं काय? कोणता सूर किती जोरात आणि नेमका कोणत्या क्षणी वाजवायचा. पट्टी कधी सोडायची. पायाखालचं पेडल कधी दाबायचं, कधी उचलायचं. बस. 'त्याचा स्पर्श रेशमी आहे' वगैरे जे लिहिलं जातं, ते सगळं शेवटी या तीन-चार गोष्टींतूनच आलेलं असतं.

त्या पहिल्या सा कडेच परत जाऊ. तो वाजला आणि विरायला लागला. तेवढ्यात खालून इतर सुरांचा गुच्छ येतो. तो जरा जोरात पडला तर सा बुडालाच. फार हळू पडला तर पोकळ वाटतं. आता पुढचा नि येतोय. तो सा च्या मूळ जोरानं वाजवला तर ठळक तुटल्यासारखा कानाला लागतो, कारण तोवर सा पार मऊ झालेला असतो. म्हणजे विरत चाललेल्या सा ची त्या क्षणीची पातळी ऐकायची आणि नि तिथूनच उचलायचा. हे जमलं तर ऐकणाऱ्याला सा पासून नि पर्यंत आवाज सलग वाहत आल्याचा भास होतो. भासच तो, पण पियानोवरचं सगळं 'गाणं' अशा भासांचंच बनलेलं आहे. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करायची तर मी आधी हा एवढाच सांधा ऐकतो. चार-पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरी जागा शेवटाकडची. बाविसावा बार. चढण शेवटच्या वेळी वर येते, टोकाला पुन्हा तार ग, पण त्याच्याखाली आता वेगळाच गुच्छ आहे: रे, तीव्र म, ध, सा आणि वर तो ग. आत्तापर्यंत घरचा असलेला शुद्ध मध्यम बाजूला सारून तिथे तीव्र मध्यम येऊन बसतो. कानांना तीव्र मध्यमाची सवय असणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ही जागा कुणी समजावून द्यावी लागत नाही. पेटीवर हे पाच सूर एकदम दाबून पाहा, म्हणजे कळेल. शुमाननं या गुच्छावर थांब्याची खूण केली आहे. किती थांबायचं ते लिहिलेलं नाही. प्रश्नकर्त्याला मी इथे पकडतो: बघा, लिहिलेलं नाही.

आणि फक्त थांबण्याचाच प्रश्न नाही. पाची सूर एकदम वाजवायचे की खालून वर उलगडत? वजन वरच्या ग वर टाकायचं की आतल्या तीव्र मध्यमावर? ग वर टाकलं तर सुरावट उजळते, मध्यमावर टाकलं तर काळीज जरा हलतं. पोचण्याआधी लय सैल करायची, की सरळ चालीनं येऊन एकदम थबकायचं? चार प्रश्न, प्रत्येकाला दोन-तीन उत्तरं. गुणाकार करा.

आता लयीकडे. इथे एक मजेदार भानगड आहे. छापील प्रतीत शुमानच्या नावावर जो मेट्रोनोमचा, म्हणजे टकटक करून लय दाखवणाऱ्या यंत्राचा, आकडा आहे तो मिनिटाला १०० मात्रांचा. आपल्या हिशेबानं झाली मध्यलय. पुनरावृत्तीसह एकूण १२८ मात्रा होतात, म्हणजे रचना सव्वा मिनिटाच्या जरा पुढे संपायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक वादक अडीच मिनिटांच्या पुढेमागे घेतात, म्हणजे लय जवळपास निम्म्यावर आणतात. शुमानचा मेट्रोनोम बिघडलेला होता अशी एक आख्यायिका आहे. सोयीची आहे, म्हणून टिकली. शुमान वारल्यावर क्लारानं त्याच्या रचनांची आवृत्ती काढली. तिनं हा आकडा ८० वर आणला. तरीही दीड मिनिटाच्या थोडंच पुढे.

क्लारा शुमान नवऱ्यामागे चाळीस वर्षं जगली, १८९६ पर्यंत. फ्रँकफर्टला तिनं बरीच वर्षं शिकवलं. तिच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी फॅनी डेव्हिस ही इंग्लिश वादिका ध्वनिमुद्रणाच्या काळापर्यंत पोचली आणि १९२९च्या सुमारास तिनं किंडरत्सेनेन ध्वनिमुद्रित केलं. आपल्या भाषेत क्लाराच्या घराण्याची तालीमच ही. तिची ट्रॉयमेराय ऐकली की आधी दचकायला होतं, इतकी ती चालती आहे. कुठे गहिवर नाही, लोळण नाही. घराण्याची तालीम म्हणजे मूळ संस्थापकाचं गाणं जसंच्या तसं, असं मानायचं कारण नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. तालीम घेतल्यानंतर चाळीसहून जास्त वर्षांनी केलेलं ध्वनिमुद्रण आहे ते. शिवाय त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटंच मावत, संच बसवताना त्याचाही दाब आला असू शकतो. पण एक गोष्ट तिच्यामुळे नक्की कळते: ही रचना डोळे अर्धे मिटून, संथपणेच वाजवली पाहिजे असा काही नियम नाही. ती आपल्याला लागलेली सवय आहे. मला स्वतःला १०० ची लय पटत नाही, तीव्र मध्यमाला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. पण साठ-सत्तरच्या घरातली ट्रॉयमेराय ऐकल्यापासून चाळीसच्या लयीवर रेंगाळणाऱ्यांचा मला कंटाळा येऊ लागला आहे.

सरासरी लय ही मात्र ढोबळ गोष्ट. खरी गंमत एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंतच्या अंतरात असते. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्या ब्रूनो रेप या संशोधकानं याच रचनेची २८ ध्वनिमुद्रणं घेतली, २४ नामांकित वादकांची, आणि प्रत्येक सूर कधी पडला ते मोजलं. १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संगीतात मोजमाप आलं की रसिक नाक मुरडतात, पण यातून निघालेलं चित्र रसिकांनाच जास्त उपयोगाचं आहे.

एक म्हणजे, कुणीही लिहिल्याबरहुकूम समान मात्रांत वाजवत नाही. एकही जण नाही. दुसरं, या असमानतेत भरपूर एकमत आहे. वाक्य संपताना सगळे लय सोडतात, मोठं वाक्य संपताना जास्त, छोटं संपताना कमी. त्या नि सा ग प सा च्या चढणीवर बहुतेकांचा आकार सारखा: मधे थोडी गती घ्यायची आणि टोक जवळ आलं की ढील द्यायची. आलेखावर काढलं तर गुळगुळीत वक्ररेषा येते. कुणी ती खोल काढतो, कुणी उथळ, पण तिच्या विरुद्ध सहसा कुणी जात नाही. फरक उरतो तो बारीकसारीक जागांचा, आणि दोघं जण त्यात घोळक्यातून स्पष्ट वेगळे उठून दिसले: फ्रान्सचा आल्फ्रेड कोर्तो आणि कीव्हमध्ये जन्मलेला व्लादिमिर होरोविट्झ. दोघांचीही प्रत्येकी तीन ध्वनिमुद्रणं त्या २८ मध्ये होती. कोर्तोच्या पहिल्या आणि शेवटच्या ध्वनिमुद्रणांत अठरा वर्षांचं अंतर आहे, १९३५ आणि १९५३. तरी त्याचं त्याच्याशी जुळतं. म्हणजे त्या जागा लहरीवर सोडलेल्या नव्हत्या.

कोर्तो हा चुकीचे सूर वाजवण्याबद्दल बदनाम. त्याचा उजवा आणि डावा हात पुष्कळदा एकदम पडत नाहीत, डावा किंचित आधी येतो आणि वरचा सूर मागून उमलतो. आजच्या विद्यार्थ्यानं असं केलं तर शिक्षक ओरडतील, पण एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या वादकांत हा सर्रास रिवाज होता. विसाव्या शतकात तो गेला. याच संचातली शेवटची रचना शिकवतानाचं कोर्तोचं एक चित्रण आहे. हे वाजवण्यापेक्षा याचं स्वप्न पाहायला हवं, अशा अर्थाचं तो काहीतरी पुटपुटतो आणि वाजवत राहतो. तो काय म्हणतोय त्याकडे दुर्लक्ष करून बोटं पाहावीत.

होरोविट्झचा जीव अडकतो तो आतल्या आवाजांत. ही रचना जवळपास चार आवाजांत विणलेली आहे: वरची सुरावट, खालचा खर्ज आणि मधे दोन. वाक्यांच्या शेवटी वरच्या सुरावटीचा तुकडा मधले आवाज उचलतात, मग डावा हात. दहा वेळा ऐकूनही न दिसलेला असा एखादा मधला सूर होरोविट्झ अचानक उजेडात आणतो. लिहिलेला होताच तो, पण इतरांनी त्याच्यावर वजन टाकलं नव्हतं. कधीकधी हे जरा लाडिकही होतं, सगळ्याच वाटा दाखवायच्या म्हणून घर सापडू नये तसं. त्याच्यानंतर लगेच आल्फ्रेड ब्रेंडेल ऐकावा. मधले आवाज त्याच्याकडेही ऐकू येतात, पण कुणी पुढे ढकललेला नसतो. ज्याला भीमसेनजींच्या पाठोपाठ मल्लिकार्जुन मन्सूर ऐकण्याची खोड आहे त्याला हा पालट आवडेल.

होरोविट्झची ट्रॉयमेराय म्हटलं की लोक मॉस्कोचं चित्रण लावतात. १९२५ मध्ये सोव्हिएत संघ सोडलेला हा माणूस २० एप्रिल १९८६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात वाजवायला बसला आणि कार्यक्रम संपल्यावर आग्रहाखातर त्यानं ही रचना वाजवली. कॅमेरा श्रोत्यांकडे वळतो, एकाच्या गालावरून अश्रू ओघळताना दिसतो. कुणाचाही घसा दाटावा असाच प्रसंग आहे. पण तुलना करायची असेल तर पडद्याकडे पाठ करा. पहिल्यांदा पाहताना आपण एकसष्ट वर्षांनी परतलेला माणूस ऐकत असतो, बाविसाव्या बारात तो किती थांबला हे ध्यानातही येत नाही.

लयीच्या या ढिलाईला पाश्चात्त्य संगीतात रुबातो म्हणतात, आणि तिच्या दोन जाती आहेत. पहिली आपल्या पूर्ण ओळखीची. तबलजी ठेका सरळ ठेवतो, गायक मात्रेच्या मागेपुढे खेळतो आणि समेवर नेमका येतो. पियानोवादक आणि रचनाकार शोपँचे शिष्य सांगत की तो डाव्या हाताला असाच स्थिर ठेवायला लावायचा, मोकळीक उजव्याला. दुसरी जात म्हणजे ठेक्यासकट सगळंच वाकवणं. आपल्या श्रोत्याला ही आधी बेशिस्त वाटते, 'लयीला कच्चा आहे' असा शेराही मी ऐकलाय. ट्रॉयमेरायमध्ये मुख्यतः ही दुसरी जात चालते, कारण इथे ठेका धरणारा वेगळा हातच नाही, चारही आवाज एकमेकांत गुंतलेले. वाकले तर सगळे मिळून वाकतात. त्यामुळे समेवर आला का, हा प्रश्न इथे गैरलागू. वाक्य कळलं का, एवढंच विचारायचं.

याच रेपनं पुढे आणखी एक उद्योग केला. दहा विद्यार्थी-वादकांनी वाजवलेली ट्रॉयमेराय घेतली, त्यांच्या कालमापनाची सरासरी काढली आणि कुणीच न वाजवलेलं असं एक सरासरी वादन संगणकाकरवी तयार केलं. जाणकारांना काही न सांगता ते बाकीच्यांत मिसळून ऐकवलं. सरासरीला गुणवत्तेत वरचे गुण मिळाले. वेगळेपणात मात्र ती तळाला गेली. स्पर्धा का बिनचूक आणि विसरण्याजोग्या वादकांना जिंकून देतात, याचं याहून नेटकं स्पष्टीकरण माझ्या वाचनात नाही. दहा परीक्षकांनी दिलेल्या गुणांचीही शेवटी सरासरीच काढतात.

घरी ऐकायचं तर अख्खी रचना पाच वादकांकडून ओळीनं ऐकू नका, तिसऱ्यापर्यंत कान बधिर होतात. पहिला सा आणि पुढचा नि, तेवढाच तुकडा चौघांचा ऐका. मग बाविसावा बार चौघांचा. मार्था आर्गेरिचचं १९८३ चं ध्वनिमुद्रण या चौघांत जरूर असू द्या. नंतर एकाच वादकाचे पहिले आठ बार आणि त्यांची पुनरावृत्ती शेजारी ठेवा. लिहिलेले सूर अगदी तेच, हातही तेच. तिथे काही बदललं असेल तर ते त्यानं त्या क्षणी ठरवलेलं आहे. कॅम्पातल्या माझदा हॉलमध्ये पियानोचा कार्यक्रम लागला तर कीबोर्ड दिसेल अशी डावीकडची खुर्ची गाठा. पट्टी दाबण्याइतकंच ती सोडण्याला वादक किती वेळ देतो, हे ध्वनिमुद्रणात समजत नाही.

जुन्या तबकड्यांवरून नेटवर चढवलेल्या आवृत्त्या ऐकताना तानपुऱ्याचं ॲप पांढरी चारवर लावून बघावं. किंचित वर-खाली चालेल, तेव्हाची पियानो जुळवण्याची पद्धत सगळीकडे एक नव्हती. पण ध्वनिमुद्रण थेट काळी तीनला लागत असेल तर तबकडी वेगानं फिरवून उतरवली आहे. सुरांची पट्टी अर्ध्या सुरानं चढते तेव्हा वेगही सुमारे सहा टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि अशा प्रतीवरून फॅनी डेव्हिसच्या लयीबद्दल वाद घालायला बसू नये.